शेपटाने पुढे जायचं नाही

आमच्या सायकलच्या गटात शेपूट व्हायला कुणी राजी नसतं. मी असतो. शेपूट म्हणजे सगळ्यात शेवटचा सायकलवाला. त्याने वेग आणि घड्याळ दोन्ही विसरायचं आणि जो सगळ्यात हळू चालवतोय त्याच्या मागे राहायचं. तो थांबला की आपण थांबायचं, त्याची चेन पडली की आपले हात काळे करायचे. नियम दोनच, आणि ते मीच सगळ्यांकडून पाठ करून घेतलेत. शेपटाच्या मागे आपलं माणूस उरता कामा नये. आणि काही बिघडलं तर रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, शेपूट येईपर्यंत हलायचं नाही.

यात माझा सेवाभाव वगैरे काही नाही. पुढे असलो की मागे काय चाललंय या काळजीने माझी मान अवघडते, म्हणून मी मागे राहतो. अंधेरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सव्वीस वर्षं मी रबरी वायसर आणि गास्केट तपासतोय. माल चांगला दिसला की मला जास्त संशय येतो. बायको म्हणते, तू देवळात गेलास तरी तुझं अर्धं लक्ष चपलांवर असतं. असतंच. एकदा गेल्यात.

ज्या मित्राची ही गोष्ट आहे तो माझ्याबरोबर विक्रोळीत कन्नमवार नगरात वाढला, शेजारच्याच बिल्डिंगमध्ये. आमचं कणकवलीकडचं, त्याचं साताऱ्याकडचं. गणपतीत तो आमच्याकडे मोदकांवर ताव मारायचा आणि चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांच्याकडची खीर मी दोन-दोन वाट्या हाणायचो. आता तो घाटकोपरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळतो. तीस वर्षं पोरांच्या हातून परीक्षानळ्या फुटताना बघून त्याला कशाचंच काही वाटेनासं झालंय. दीड वर्षापूर्वी त्याच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा त्याने आधी प्रयोगशाळेची कपाटं बंद केली, किल्ल्या शिपायाकडे दिल्या आणि मग रिक्षा केली. स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले व्यायाम ठेवा, आणि मी माझी जुनी सायकल त्याच्या दारात नेऊन उभी केली. म्हणजे त्याला या नादाला लावणारा मीच.

वर्षभरात तो सत्तर-ऐंशी किलोमीटरपर्यंत आला. जानेवारीत आम्हा चौघांना दोनशे किलोमीटरची राईड करायची होती, साडेतेरा तासांच्या आत. त्याची तयारी म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी दीडशे करायचं ठरलं. मुलुंडहून घोडबंदर रोड, पुढे खाडीवरचा पूल, अहमदाबाद हायवेने मनोरपर्यंत आणि परत. त्याच्या डॉक्टरांनी परवानगी दिली होती, फक्त दम लागेपर्यंत पळवायची नाही असं बजावलं होतं. परवानगी दिली नव्हती ती माझ्या आईने, आणि तीही मला. "ह्या वयात सायकल घेवन खंय जातंस रे मेल्या?" बावन्नाव्या वर्षी हे ऐकून घराबाहेर पडावं लागतं.

पहाटे सव्वाचारला त्याच्या बिल्डिंगखाली गेलो तेव्हा वहिनी शाल गुंडाळून त्याच्याबरोबर खाली आल्या होत्या. एरवी त्या येत नाहीत.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "मला ते सर्टिफिकेट नको नि मेडल नको. रात्री जेवायला माणूस घरी हवा. तुमच्या भरवशावर पाठवतेय."

"मी मागेच आहे ना वहिनी," मी म्हटलं.

त्या वर गेल्या. तो अजून माकडटोपीवर हेल्मेट बसवायच्या खटपटीत होता. आठवड्यापूर्वी ऐरोलीच्या पुलाजवळ त्याचा फोन पाठीवरच्या खिशातून घसरून पडला होता. नशीब मी मागे होतो, उचलला. म्हणून त्या दिवशी मी आधीच हात पुढे केला. "फोन दे इकडे. आणि त्या गोळ्या पण दे. तू पाडशील." छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायच्या गोळ्या. त्याने मुकाट्याने दोन्ही काढून दिलं. मी ते माझ्या हँडलच्या पिशवीत टाकलं, चेन लावली आणि चेन लागली की नाही ते दोनदा ओढून पाहिलं.

आता मागच्या लाल लाईटचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच फसलं. त्याच्या सीटखाली जो लाईट होता तो माझा जुना. मी नवा घेतला तेव्हा त्याला दिला. तो दोनदा पटपट लुकलुकायचा, मग एकदा लांब पेटायचा. बॅटरी दीड तासापलीकडे टिकत नाही हे मला माहीत होतं. पण मी तो वापरला होता मे महिन्यात. तेव्हा साडेचारला निघालं तर लाईट जायच्या आत उजाडलेलं असायचं, काही अडायचं नाही. डिसेंबरात सहालाही काळोख असतो ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचा माल परत पाठवणाऱ्या माणसाने आपल्या मित्राला असला पीस दिला.

मुलुंडच्या चेकनाक्यावर आमचा लीडर वाट बघत होता. तिशीतला कंप्युटर इंजिनियर, मांड्या खांबासारख्या, मला काका म्हणतो. माझ्या मित्राला नाही म्हणत. आमच्यात फक्त पाच महिन्यांचा फरक आहे, पण काका मीच. "काका, मी पुढे होतो. पुलापलीकडे टपरीवर भेटू," असं म्हणून तो माजिवड्याच्या पुढे जो सुटला तो दिसेनासा झाला. चौथी आमची सिस्टर, महापालिकेच्या इस्पितळात नर्स. ती बोरिवलीहून दहिसरमार्गे येऊन त्याच टपरीवर भेटणार होती.

घोडबंदर रोडला मी त्याच्या वीस पावलं मागे होतो. दोनदा पटपट, एकदा लांब. त्या लाईटवर नजर ठेवली की मला बरं वाटत होतं. थंडी झोंबत होती, बाजूने ट्रेलर जात होते, मेट्रोच्या कामामुळे रस्ता कधी अचानक अर्धाच उरायचा. मी मधूनच ओरडायचो, "खड्डा!" तो हात वर करायचा. मी ओरडायचो, "दमाने!" तो पुन्हा हात वर करायचा. त्याला माझा कंटाळा आला असणार, पण त्याने तसं कधी म्हटलं नाही.

गायमुखच्या घाटाला चढ सुरू झाला आणि तिथे ट्रकांची रांग लागली होती. तो रांगेच्या कडेने पुढे सरकला. मी सरकणार तोच एका ट्रेलरवाल्याने डावीकडे घेतलं, आणि मी ट्रेलर आणि कठडा यांच्यामध्ये एक पाय टेकून अडकलो. मिनिटभर असेन, फार तर दोन. सुटलो आणि मान वर केली तर समोर लाल लाईट होता, पण वीस पावलांवर नाही, बराच वर. दोनदा पटपट, एकदा लांब. मी जोरात पॅडल मारायला लागलो.

वळणावर एक बंद टँकर उभा होता. त्याच्या पुढे अंधारात कुणीतरी सायकल टेकवून उभा होता. सायकलला लाईट नाही, काही नाही. मला असल्या लोकांची भयंकर चीड आहे. मी न थांबता ओरडलो, "अरे लाईट लाव! मरशील!" आणि पुढे गेलो.

घाट उतरल्यावर तो लाल लाईट जो पळत सुटला, त्याचं मला आश्चर्य वाटलं. आधी कौतुक, मग काळजी. उतारावर ठीक आहे, पण सपाटीलाही तो तसाच. मी ओरडलो, "वा रे पठ्ठ्या!" लाईट आणखी पुढे गेला. "अरे हळू! हळू! मी मागेच आहे!" त्यावर तर तो असा काही सुटला की मला धाप लागली. मनात म्हटलं, आज हा मरणार आणि मला मारणार. डॉक्टरांनी काय सांगितलंय, वहिनींनी काय सांगितलंय, आणि हा गधडा शर्यत लावतोय. टपरीवर पोचलो की त्याला काय काय सुनवायचं त्याची मी पुलावर उजळणी केली. पुलावर खाडीचा वारा समोरून येत होता आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तरी मी त्या लाईटवरची नजर काढली नाही.

पुलापलीकडे तीन-चार किलोमीटरवर टपरीचा बल्ब दिसला. लाईट तिकडे वळला, थांबला. मी पाठोपाठ पोचलो आणि ब्रेक दाबत म्हणालो, "काय रे, जीव द्यायचाय का?"

समोर एक पंचविशीतली मुलगी होती. सायकल अंगावर ढालीसारखी आडवी धरून, एका हातात फोन.

"काय प्रॉब्लेम आहे तुमचा?" ती ओरडली. "घाटापासून माझ्या मागे लागलायत. काय काय ओरडताय! हे बघा, इथे लोक आहेत."

टपरीवरचे चार जण उठून उभे राहिले. आमचा इंजिनियर चहाचा ग्लास घेऊन पुढे आला. सिस्टरही तिथेच होती. दोघांनी मिळून त्या मुलीला समजावलं की हा आमचा माणूस आहे, तसला नाही. मी तिच्या सीटखालचा लाईट बघत होतो. तोच लाईट. दोनदा पटपट, एकदा लांब. मुंबईतल्या निम्म्या सायकलींना हाच असतो, दुकानात ढीग पडलेला असतो, हे मला नव्याने कळायची काहीच गरज नव्हती. एक माप जुळलं म्हणून माल पास करायचा नाही, हे मी दर महिन्याला नव्या पोरांना शिकवतो.

"सॉरी," मी म्हटलं. "मला वाटलं माझा मित्र आहे."

आमची एक सवय आहे. प्रत्येक थांब्यावर आकडे म्हणायचे. इंजिनियर सवयीने "एक" म्हणून बसला. सिस्टर "दोन" म्हणाली. मग तिने माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. माझा आकडा चार असतो. तीन आल्याशिवाय तो म्हणता येत नाही.

"तीन कुठाय?" सिस्टरने विचारलं.

मी खिशातून फोन काढून त्याचा नंबर लावला. रिंग माझ्याच हँडलच्या पिशवीत वाजली.

सिस्टर पिशवीकडे बघत राहिली. "त्याचा फोन तुझ्याकडे आहे?"

"हो."

"गोळ्या?"

"माझ्याकडे."

"मग त्याच्याकडे काय आहे यार?"

"लाईट," मी म्हटलं.

ती मुलगी आता शांत झाली होती. तिनेच हळू आवाजात सांगितलं, "घाटात टँकरजवळ एक काका उभे होते. मला हात केला त्यांनी. मी एकटी होते, घाबरले. थांबले नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं की मी कुणाला ओरडून आलोय. मी बाकड्यावर बसलो आणि तिला विचारलं, "छातीवर हात होता का त्यांचा?"

"अंधार होता," ती म्हणाली. "नाही दिसलं."

त्याच क्षणी पिशवीतला त्याचा फोन पुन्हा वाजला. या वेळी मी लावला नव्हता. वहिनींचा होता. तिघे माझ्याकडे बघत होते. मी उचलला, हॅलो म्हटलं.

"भावोजी? पोचलात का टपरीला?"

"हो वहिनी. आत्ताच. चहा घेतोय."

"यांना द्या ना जरा."

"तो... आडोशाला गेलाय. येईलच."

"बरं. गोळ्या यांच्याजवळच आहेत ना?"

"आहेत."

माझा आवाज स्वच्छ होता. एक अक्षर अडखळलं नाही. मला स्वतःचीच भीती वाटली.

इंजिनियर म्हणाला, "काका, तुम्ही बसा, मी सुसाट जाऊन येतो." बरोबरच होतं त्याचं, तो माझ्या दुप्पट वेगाने गेला असता. पण माझं टाळकं फिरलं. "तू इथेच मर," मी म्हटलं. "तो मागून इथे आला तर कुणीतरी हवं." वाक्य बरोबर होतं, आवाज बरोबर नव्हता. मी सायकल उचलली. सिस्टर माझ्या मागे निघाली.

परतीचं ते अंतर अकराएक किलोमीटर असेल. एरवी मला ते कळतही नाही. त्या सकाळी मी पूल ओलांडताना खाडीकडे बघितलं नाही, गिअर बदलायचं सुचलं नाही, सिस्टर मागे आहे का तेही वळून पाहिलं नाही. डोक्यात फक्त हिशेब चालला होता. पावणेसहाला मी टँकरजवळून गेलो. आता साडेसहा. म्हणजे पाऊण तास. पाऊण तासात काय काय होऊ शकतं? ट्रकवाल्याला बिनलाईटची सायकल दिसत नाही. आणि ते नाही झालं तर छाती. तो ओरडणारा माणूस नाही हीच तर भीती. दुखलं तर तो कपाटं बंद करेल, किल्ल्या देईल आणि मग रिक्षा बघेल. तिथे ना कपाट ना रिक्षा. तो तसाच उभा राहील, कारण मीच सांगून ठेवलंय की शेपूट येईपर्यंत हलायचं नाही. दुसऱ्या कुणाच्या टेम्पोत बसून तो जाणारच नाही. माझा नियम मोडायला तो माझ्यासारखा नाही.

मग वहिनींचं वाक्य. रात्री जेवायला माणूस घरी हवा. मी त्यांना काय सांगणार होतो? की मी मागेच होतो, फक्त दुसऱ्याच कुणाच्या तरी?

घाटाच्या पायथ्याला एका टेम्पोवाल्याला मी थांबवलं. "घाटात काही झालंय का? ट्रॅफिक का आहे?"

"मालूम नही भाऊ," तो म्हणाला. "कुछ तो हुआ है. सब खडे हैं."

कुछ तो हुआ है. मी ते शब्द पॅडलगणिक म्हणत चढलो. उजाडायला लागलं होतं. परत येताना आम्ही दुभाजकाच्या अलीकडे, तो पलीकडे. मधल्या ट्रकांमुळे पलीकडचं काही दिसेना. मी फक्त टँकर शोधत होतो. वळण आलं. टँकर नव्हता. दुसरं वळण आलं. तिथेही नव्हता. मी पुन्हा खाली पहिल्या वळणावर आलो. टँकर गेला होता. जी एकच खूण मी धरून आलो होतो ती स्टार्ट मारून निघून गेली होती. मी सायकल दुभाजकाला टाकली आणि त्याच्या नावाने ओरडायला लागलो. ट्रकातले लोक खिडकीतून वाकून बघत होते.

"तिकडे बघ," सिस्टर म्हणाली. तिने माझी बाही ओढली.

पलीकडे, वरच्या अंगाला, दोन ट्रकांच्या फटीतून माकडटोपी दिसली. तो कठड्यावर बसला होता. सायकल शेजारी टेकलेली, हेल्मेट मांडीवर, आणि तो चिक्की खात होता.

मी दुभाजकावरून उडी मारली ती नीट जमली नाही, गुडघा सोलला. त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्याने माझ्याकडे बघितलं.

"आलास? म्हटलं चहा पिऊनच येतोयस की काय."

"तू..." मी म्हटलं. "तू ठीक आहेस ना?"

"लाईट बंद पडला तुझा. मग थांबलो इथे. टँकरच्या पुढे जरा सेफ वाटलं." चिक्कीचा तुकडा त्याने सिस्टरपुढे धरला. तिने तो न घेता त्याचं मनगट धरलं आणि घड्याळ बघत उभी राहिली. नाडी ठीक होती.

"कुणी थांबलं नाही का रे?" तिने विचारलं.

"एक पोरगी गेली, तिला हात केला. घाबरली बिचारी. मग एक येडा गेला. लाईट लाव, मरशील, असं ओरडला." तो हसला. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. मी पिशवीतून त्याच्या गोळ्या काढून त्याच्या हातात दिल्या, मग फोन. मग माझा नवा लाईट सोडवून त्याच्या सीटखाली लावायला लागलो. उजेड झाला होता, त्याची काही गरज नव्हती.

फोन त्याच्या हातात वाजला. वहिनीच.

"हो गं," तो म्हणाला. "हो, घेतला चहा. नाही, दमलो नाही. आता परतच फिरतोय, बास झालं आज. तो? तो कुठे जाणार, मागेच आहे माझ्या."

सिस्टरने आम्हाला गुपचूप घरी जायला सांगितलं आणि ती बोरिवलीला निघाली. इंजिनियरला फोन करून कळवलं. तो एकटा मनोरला जाऊन आला, संध्याकाळी वेळ आणि सरासरी वेगासकट फोटो टाकला. मी त्याला अंगठा पाठवला.

कासारवडवलीला आम्ही इडली खायला थांबलो. ऊन चांगलं वर आलं होतं. माझ्या समोरची प्लेट तशीच होती.

"तो येडा मी होतो," मी म्हटलं.

"माहितीये," तो म्हणाला आणि चटणी मागितली.

"माहितीये म्हणजे?"

"तुझा आवाज ओळखणार नाही होय? चाळीस वर्षं ओरडतोयस."

"मग हाक मारायची ना रे!"

"मारली की. दोनदा. नावाने."

मला ट्रेलरचा आवाज आठवला, माझा स्वतःचा श्वास आठवला, तो लाल लाईट आठवला. हाक काही आठवली नाही.

"मग तिसरी नाही मारली," तो म्हणाला. "दुसऱ्या हाकेनंतर छातीत जरा भरून आल्यासारखं झालं. म्हणून गप बसलो. गेलं दहा मिनिटांत." त्याने इडली तोडली. परीक्षानळी फुटली असं सांगताना त्याचा जो आवाज असतो, अगदी तोच.

मी उठलो. हात धुतले नाहीत, पैसे दिले आणि रिक्षा थांबवली. सायकली त्या हॉटेलात ठेवल्या. तो म्हणत होता, अरे काही नाही रे, बस. मी त्याला रिक्षात ढकललं आणि त्याच्या डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत त्याचं मनगट सोडलं नाही. मला नाडी बघता येत नाही. नुसतंच धरून बसलो होतो.

कार्डिओग्राम नीट आला. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, दोनशेचा बेत पुढे ढकलायला सांगितलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हे सोबत होते ना तुमच्या?" तो म्हणाला, "हो, पूर्ण वेळ."

वहिनींना मीच सांगितलं. संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सगळं सांगितलं, आडोशाला गेलाय म्हणालो होतो तेही, गोळ्यांचंही. सांगितलं नसतं तर खपून गेलं असतं, तो तर बोलणारच नव्हता. पण सकाळचा तो माझा स्वच्छ आवाज मला सहन होत नव्हता. त्या पोळ्या लाटत होत्या. सगळं ऐकून घेतलं. रागावल्या असत्या, दोन शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त गॅस बारीक केला आणि विचारलं, "जेवून जाणार का?" मी नको म्हटलं.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी पुन्हा परवानगी दिली. पहिल्या रविवारी, ठाण्यापर्यंत जाऊन परत यायचं म्हणून मी पहाटे त्याच्या बिल्डिंगखाली गेलो. वहिनी शाल गुंडाळून खाली आल्या होत्या. त्याच्या जर्सीला आतून त्यांनी एक खिसा शिवला होता, झाकणाचा, वर बटण. त्यात गोळ्या, शेजारच्या खिशात फोन. बटण लागलंय की नाही ते त्यांनी दोनदा ओढून पाहिलं. सीटखालचा लाईट पेटवून पाहिला. मग त्याला म्हणाल्या, "नीट जा." भावोजी, तुमच्या भरवशावर, असं काही म्हणाल्या नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही. मी तिथेच होतो, हेल्मेटचा पट्टा लावत.

तो सायकलवर बसला, म्हणाला, "चल रे शेपटा," आणि निघाला. मी मागे निघालो.

आता मी लाईटवर विसंबत नाही. दर सिग्नलला, दर पुलाला मी त्याला नावाने हाक मारतो आणि तो ओ देतो. बसथांब्यावरचे लोक वळून बघतात. बघू देत. कधी ट्रकच्या आवाजात त्याची ओ ऐकू येत नाही. मग मी पुन्हा हाक मारतो.